लांब धागा

ईसीजीचा कागद हातात आला की डॉ. सुजाताबाई आधी चष्मा काढायच्या. मग कागद इतका जवळ धरायच्या की आता नाकाला लागतो की काय असं वाटावं. आमच्या दिग्रसमध्ये सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. मी मनातल्या मनात दुसरंच काहीबाही म्हणत असे, कारण तो कागद बरेचदा माझ्या नवऱ्याचा असे.

आमचे हे जिनिंगच्या कारखान्यात कापूस पारखायचे. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ताणायची आणि धागा किती लांब ते सांगायचं, यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, जिनिंग निम्मा वेळ बंद आणि छातीवर हात ठेवून दवाखान्याच्या बाकावर बसणारी माणसं वाढलेली. त्यांत एक दिवस हेही जाऊन बसले. नागपूरला तपासण्या झाल्या आणि बायपास करायचं ठरलं. हे मात्र म्हणत होते, "बाई काय म्हनते ते पाहू, मंग ठरवू."

बाईंनी कागद नाकाशी धरला. "मोठी लाट तं कोनालेही दिसते," त्या नेहमी म्हणायच्या, "मले लहानी पाहू द्या." ठोक्याच्या उंच रेघेआधी एक बुटकी लाट असते, ती त्यांनी पेनच्या टोकानं दाखवली. "भाऊ, तुमची हे लाट लांब हाय."

ह्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! कापसात लांब म्हणजे उत्तम. "पाह्यलं?" मला म्हणाले, "आपला माल एक नंबर निंगाला!"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हेही हसले. माझ्या कुठल्या बोलण्यावर हे असे हसले होते, ते मला आठवेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कापसात लांब चांगला, भाऊ. इथं नाही," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "वरच्या कप्प्यातून वीज जाले उशीर लागून राह्यला. ऑपरेशननंतर तुमचे ठोके बिथरू शकतात."

"म्हंजे लोडशेडिंगच म्हना ना."

"लोडशेडिंग नाही हो, वायर जुनी झाली." पुन्हा दोघांचं हसणं.

त्या ह्यांना भाऊ म्हणत आणि मला वहिनी. त्यात वावगं काही नव्हतं, ते मलाही कळत होतं. पण मी भाजीत मीठ कमी घातलं की हे ताट सरकवायचे आणि बाईंनी सांगितल्यावर स्वतःच्या हातानं लोणच्याची बरणी शेजारी देऊन आले. माझ्या नवऱ्याचं काळीज तिला आतून ठाऊक होतं आणि मला फक्त बाहेरून. मी जळत होते, सरळच सांगते.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी बाई घरी आल्या. मला वाटलं, ह्यांना भेटायला आल्या. त्यांनी माझाच हात धरला आणि माझी तीन बोटं ह्यांच्या मनगटावर ठेवली.

"वहिनी, मशीन हाय तोवर मशीन पाह्यते. मशीन काढलं का तुमी पाहा. डोये मिटा. ठोका चालत्या मानसाच्या पावलावानी पडाले पाह्यजे. कढईतल्या फुटान्यावानी उडाला का नर्सले आवाज द्या."

मी बोटं उचलली की त्या परत ठेवायच्या. "घाई नोका करू. पुन्हा पाहा."

ऑपरेशन चांगलं झालं. ह्यांना साध्या वॉर्डात आणलं, तारा काढल्या. एका दुपारी हे झोपले असताना मी मनगट धरलं, तर बोटांखाली फुटाणे! मी ओरडलेच. नर्स म्हणाली, "आत्ताच तर पाहिलं मी."

"पुन्हा पाहा!" मी म्हटलं. बाईंचाच शब्द तोंडातून निघाला.

मग धावपळ झाली, सलाईनमधून औषध गेलं आणि संध्याकाळपर्यंत ठोके रांगेत आले. ह्यांनी डोळे उघडून पहिलं काय विचारावं? "बाईले फोन केला का?"

केला. पलीकडून बाई म्हणाल्या, "तुमी धरलं ना, वहिनी? मले मालूम होतं." मला फार आनंद झाला आणि आपल्याला आनंद झाला याचाच राग आला.

बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गावाच्या छातीची काळजी वाहणारी बाई, कावीळ अंगावर काढली आणि त्यातच गेली. त्यांच्या शोकसभेला बुद्धविहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं मावत नव्हती. सतरंजीवर हे माझ्या शेजारी बसले होते. वंदना सुरू झाली तसा ह्यांनी हात माझ्यापुढे केला.

मी तीन बोटं ठेवली, डोळे मिटले. पावलं नीट पडत होती. मग मध्येच एक चुकलं. कुणासाठी, ते मला विचारायची गरज नव्हती. मी बोटं काढली नाहीत.