आमच्या मारुतीची खोळ
शेंदूर तेलात कालवल्याचा वास आला की मला उमरीजवळच्या माझ्या माहेरचा तो शनिवार आठवतो. पारावरच्या आमच्या मारुतीची सरकारी वारशात नोंद होणार होती. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची खोळ उतरवून मूर्ती पाहावी लागेल, असं पुरातत्त्वचे साहेब म्हणाले. सगळं गाव लोटलं. म्हाताऱ्या गुरवानं देवाला कौल लावला आणि फूल उजवीकडे पडलं तेव्हाच साहेबांना हात लावू दिला. शेंदराचे जाड पापुद्रे निघत गेले, आणि आतून काळ्याभोर दगडातले बांगड्या भरलेले हात दिसले, मग कानातले डूल, मग अंबाडा. "आरं, ही तर देवी हाय!" कुणीतरी ओरडलं. सगळे गुरवाकडे बघत राहिले. तो आम्हा बायांवरच खेकसला, "बघून काय राहिल्या? माय उघडी हाय, लुगडं आणा की!" मी अशी पळाले, की चपला पारापाशीच राहिल्या, आईच्या ट्रंकेतलं कोरं हिरवं लुगडं घेऊन आले, तर माझ्याआधी चार जणी पोचलेल्या! आता तिथल्या सरकारी फलकावर देवी आहे. माहेरी गेले की मी तिची ओटी भरते, आणि शनिवार असला तर मारुतीच्या नावानं दिवाही लावते. इतकी वर्षं त्या नावानं हाक मारली, तरी तिनं ओ दिलीच होती.