खिडकी काढणे

घराचं काम काढलं की डेब्रिजच्या गोण्या निदान उचलून नेता येतात. किस्से मात्र घरातच राहतात. आमच्या चारकोपच्या घरात ते अजून पायात येतात.

घर म्हणजे बैठ्या घरांच्या रांगेतलं मधलं. दोन्ही बाजूच्या आणि मागच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, त्यामुळे आईच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. वीस वर्षं तिने भर दुपारी ट्यूब लावून चपात्या लाटल्या. शेवटी वर माळा काढायचं ठरलं तेव्हा तिची अट एकच होती, स्वयंपाकघर वर न्यायचं आणि त्याला खिडकी हवी.

* * *

बाबांनी मेस्त्रींना यादी लिहून दिली. पहिलीच ओळ, 'खिडकी काढणे'. संध्याकाळी येऊन बघतो तर पुढच्या खोलीतली, घरातली एकुलती एक खिडकी चौकटीसकट दारात आडवी!

मेस्त्री मालवणचे, शांत माणूस. "तुमीच लिवलात काढणे, मी काडलंय. माजा काय चुकला?"

दुसरी ओळ 'माळा काढणे' होती. नशीब, माळा अजून झालाच नव्हता.

* * *

माळा झाला, पण लोखंडी जिना इतका उभा आणि अरुंद की फ्रिज दोरीने वर ओढावा लागला. पुढच्या रविवारी आत्याचे यजमान माळा बघायला आले. चढले झोकात, उतरताना खाली बघितलं आणि परत आत जाऊन बसले. जेवले वर, झोपले वर. चार वाजता आत्याने खालून विचारलं, "फ्रिजची दोरी आहे का रे अजून?"

* * *

आईची खिडकी शेजारच्या तावडेकाकूंच्या पत्र्यांवर उघडायची. ऊन थेट ओट्यावर. आईने खूश होऊन मेस्त्रींना घावणे खाऊ घातले.

महिन्याभरात तावड्यांनीही माळा काढायला घेतला. आता समोर भिंत येणार. आई भांडली नाही, फक्त निवडणं-टिपणंही ओट्याशी उन्हात आणून करायला लागली. मला फार वाईट वाटलं. बाबा बोलायला गेले, तर काकू म्हणाल्या की काळजी करू नका, तिथे खिडकी काढायला सांगितलीय. मेस्त्री तेच! आईने दोन दिवस आपल्या खिडकीवर पहारा ठेवला.

तावड्यांचं काम संपलं तशी आईने पुन्हा भर दुपारी ट्यूब लावली आणि खिडकी उघडली. समोर, हातभर आत घेतलेल्या भिंतीत, दुसरी खिडकी, तिच्यात तावडेकाकू.

"वहिनी, तुमची ट्यूब बंद करा बघू. आमची लावलीय ना, दोघींना पुरते."

आईने बंद केली.