डोळे समोर अन् तारा मागं

अकोल्याकडच्या मालेगावात कंचनबाईचा चौका म्हणजे चौका; मुनींच्या आहारासाठी शुद्ध राखलेलं स्वयंपाकघर असावं तर असं. मुनीमहाराज मुक्कामी आले की आहार कोणाच्या घरी घेतील ते सांगता येत नसे, पण कंचनबाईच्या घरचा दाणा न् दाणा तिच्या नजरेखालून गेलेला असतो, एवढं सगळ्या जैन आळीला ठाऊक होतं. मागच्या चातुर्मासात मात्र महाराजांच्या ओंजळीत भाताचा घास पडला आणि त्यात मेलेला सोंडा, तांदळातला किडा, निघाला. झाला अंतराय. महाराजांनी ओंजळ सोडली आणि दिवसाचं एकुलतं एक जेवण तसंच टाकून ते उपाशी निघून गेले.

न बोलण्यात सून राजमती फार तरबेज. तिनं नुसतं सूप उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं.

"काहून नेतं वो सूप?"

"तुमाले तरास नोको, आत्याबाई. मी निवडतो."

"मले कायचा तरास? मले दिसते."

तेव्हापासून 'दिसते' हा शब्द कंचनबाईच्या जिभेवर बिऱ्हाड करून राहिला. मांजराच्या शेपटीवर पाय पडला, "दिसते." पाणी तांब्याच्या बाहेर सांडलं, "दिसते ना मले." उंबरठ्याला अंगठा ठेचला की ती उंबरठ्यालाच बजावायची. मुलगा केशरीचंद, किराणा दुकानदार, माल तोलावा तसा शब्द तोलणारा. त्यानं अकोल्याला नेऊन तिचे मोतीबिंदू काढवले, बाटलीच्या बुडासारखा चष्मा करून दिला. तरी उंबरठा लागतच होता. मग अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्यानं तिला नागपूरला एका डॉक्टरांकडे नेलं.

तिच्या आधी मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा गुलाबसिंग नंबराला होता. समोर पाटी, पाटीवर फणीसारखी चित्रं. दाते कोणीकडं ते सांगायचं. गुलाबसिंग आरोळ्या ठोकल्यासारखा म्हणत होता, "वर. उजवीकडं. खाली. खाली. डावीकडं." अख्खी स्तोत्रं कानानं ऐकून पाठ करणाऱ्या कंचनबाईला एवढं काय जड? आपली पाळी येताच तिनं न अडखळता सगळं म्हणून दाखवलं, गुलाबसिंगाच्या दमासकट.

डॉक्टर बोलण्याच्या शेवटी बहुधा 'बरं का'ची गाठ मारत. "सुंदर म्हणता, आजी. पण पाटी मी मघाशीच उलटी टांगली, बरं का."

"मंग उलटं म्हनू काय?"

केशरीचंदानं खाली पाहिलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "डोळे स्वच्छ आहेत. पण मागची नस निरोप नीट पोचवते का, ते यांच्या तोंडून कळायचं नाही. आपण थेट मेंदूलाच विचारू, बरं का."

कंचनबाईनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला. मेंदूले कसं इचारतेत? तोंडाला तिनं बांधून ठेवलं होतं, पण मेंदूला कोण शिकवणार? त्याले तर सोंड्याचंबी मालूम, गुलाबसिंगाचंबी. त्यानं खरं सांगितलं तर सूप गेलंच.

अंधाऱ्या खोलीत तिला खुर्चीत बसवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला चिकट लेप लावून तारा डकवल्या.

"डॉक्टरसाहेब, डोळे तं समोर हायेत. तुमी मागं काय चिकटवून राह्यले?"

"दिसतं ते मागेच उमटतं, आजी, बरं का."

तिनं हळूच हात नेऊन चाचपलं. जन्मभर जिथं अंबाडा बांधला, तिथं दिसते? मग अंबाड्यातून कसं काय दिसत असंन?

समोरच्या पेटीत काळे-पांढरे चौकोन उजळले, काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे होऊ लागले. डॉक्टरांनी तिच्या एका डोळ्यावर पट्टी बांधली. "समोर बघत राहा. हलायचं नाही, बोलायचं नाही, मन शांत ठेवायचं." आणि ते पडद्यामागं आपल्या यंत्राशी जाऊन बसले.

काळे-पांढरे चौकोन. मंदिराची फरशी अगदी अशीच. त्या फरशीवर ती रोज पहाटे बसे. हलायचं नाही, बोलायचं नाही, मन शांत. तिची पाठ आपोआप ताठ झाली.

पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर गेली, तेवढ्यापुरती ती हलली. शेवटी डॉक्टरांनी पडद्यामागून हाक मारली. मग दुसरी. ती आपलं जे चाललं होतं ते पुरं करून मगच "ओ" म्हणाली.

"कानाचंही एकदा बघून घ्या, बरं का," डॉक्टर केशरीचंदाला म्हणाले आणि कागद पुढं केला. कागदावरची रेघ शेताच्या धुऱ्यासारखी सरळ. "इथं डोंगर उठायला हवा होता. दोन्ही डोळ्यांचं काहीच मेंदूत पोचत नाही. म्हणजे आजींना... दिसत नाही."

कंचनबाईनं कागदाकडं पाहिलं. रेघ दिसत होती. रेघ म्हणत होती, तुला दिसत नाही.

"पर मले हे रेघ दिसून राह्यली."

डॉक्टरांनी रेघेवर बोट ठेवलं.

"तुमच्या खिशाले शाईचा डाग हाये."

डॉक्टरांनी खिसा पाहिला. डाग होता. त्यांनी तारा पाहिल्या, यंत्र ठोकून पाहिलं, चष्मा काढून कागद पाहिला.

ती खचून बाकावर बसली. इतके दिवस नसलेलं 'दिसते' म्हटलं, म्हणून आता असलेलंबी मेंदू नाकबूल करून राह्यला काय? तोंड खोटं की डोकं? आणि दोघंही तिचेच, तर ती कोणाच्या बाजूनं बोलणार?

केशरीचंद शब्द तोलत म्हणाला, "माय, तू त्या अंधारात बसून काय करून राह्यली होती?"

"काय करन? डॉक्टरसाहेबांनी सांगतलं थेच. सामायिक."

"म्हणजे काय?" डॉक्टर.

"ध्यान, सायेब. आमच्यात डोळे मिटून करतेत," केशरीचंद म्हणाला.

डॉक्टरांनी लेपाची डबी पुन्हा उघडली. 'बरं का' सुद्धा म्हणाले नाहीत.

पुन्हा लेप, पुन्हा तारा. या वेळी डॉक्टर पडद्यामागं गेलेच नाहीत, तिच्या डोळ्यांपुढं बोट नाचवत राहिले आणि यंत्राशी केशरीचंदाला उभं केलं. "डोंगर उठला, सायेब," तो ओरडला. तो उजव्या डोळ्याचा. डाव्याच्या वेळी तो नुसता म्हणाला, "हे वारूळ हाये."

म्हणजे उजव्यानं चांगलं दिसत होतं. डाव्याचा निरोप थोडा पोचत होता, तोही उशिरा.

परतताना येष्टी मेडशीच्या पुढं, गावाजवळ आली तरी कंचनबाई हातानं एकेक डोळा झाकून बाहेर पाहत होती. उजव्यानं तुरीच्या शेंगा. डाव्यानं नुसतं हिरवं. म्हणजे तो सोंडा डावीकडून गेला.

पुढल्या मुक्कामाला महाराज आले तेव्हा ती पहाटे उठून राजमतीच्या समोर बसली.

"आन थे सूप."

राजमतीनं हात आखडला. "आत्याबाई, दिसते काय?"

कंचनबाईच्या जिभेवर शब्द तयार होता. तिनं तो गिळला.

"इकडून दिसते, तिकडून नाई दिसत. तू डाव्या अंगाले बस, अन् मी निवडलं का मंग तू पाह्य."

राजमती पाट सरकवून डावीकडं आली. सूप दोघींच्या मध्ये होतं, आणि राजमतीला पहिल्याच पसाभर तांदळात एक सोंडा सापडला. जिवंत होता. तिनं तो अलगद बाहेर नेऊन सोडला.

"माह्या अंगाचा होता का तुह्या?" कंचनबाईनं विचारलं.

"मधातला," राजमती म्हणाली.