जामीन दोघांनाही मिळाला

नालासोपाऱ्याजवळच्या कळंबच्या रस्त्यावरची ती सकाळ सेवानिवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

उजाडता उजाडता एका मोठ्या गाडीने मासळीची पाटी घेऊन निघालेल्या बाईला उडवले होते. ती जागीच गेली. पंचनामा आटोपून मी ठाण्यात परततो, तो आरोपी स्वतःहून हजर! राजोडीच्या बंगल्यावर सुट्टीला येणाऱ्या एका बड्या बिल्डरचा ड्रायव्हर. सोबत मालक आणि वकील. मालक न सांगता खुर्चीत बसला, ड्रायव्हर न सांगता भिंतीपाशी उकिडवा. ठाण्यात माणूस कुठे बसतो यावरून त्याची अर्धी ओळख पटते.

"मीच चालवत होतो साहेब, डुलकी लागली," तो पोपटासारखा बोलला. गाडीही धुऊन ठेवली होती. वरून फोन आला, "कबुली आहे ना? मग लांबवू नका." इतकी सोयीची कबुली मला कधीच पचलेली नाही.

दुपारी मयत बाईची जाऊ जबाब द्यायला आली. लॉकअपमध्ये ड्रायव्हर दिसताच ती थबकली.

"यो नाय सायेब. होडी पान्यातनं वर आली तवा यो आमच्यापाशी हुबा व्हता. माज्याकडनं बोंबील घेतलं यानं. तवाच रस्त्यावर कल्ला झाला."

घरात मढे असताना ही बाई कशाला खोटे बोलेल? मालक फसला तो इथेच. ताटातली ताजी मासळी कोण, कधी आणतो, हे त्याने कधी विचारलेच नव्हते. ड्रायव्हर बंगल्यामागच्या खोलीत झोपलाय असे धरून त्याने सगळी गोष्ट रचली होती.

मी ड्रायव्हरला समोर बसवले. "सकाळी बोंबील कुणाकडून घेतलेस?"

त्याचा चेहराच उतरला. "साहेब, बायकोचे दिवस भरत आलेत. मालक म्हणाले, गाडी धू आणि नाव घे, संध्याकाळपर्यंत बाहेर काढतो. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती."

"चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला मी इथे बसलेलो नाही. खरे काय ते सांग."

त्याने सांगितले. नाक्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातही गाडी चालवताना मालकच सापडला. त्याला अटक केली. पण पुरावा नष्ट केला म्हणून ड्रायव्हरलाही आरोपी करावे लागले.

न्यायालयाने दोघांना एकाच आदेशाने, एकाच अटीवर जामीन दिला : स्थानिक जामीनदार हवा. मालकासाठी जामीनदारांची रीघ लागली. तो त्याच संध्याकाळी घरी जेवला. ड्रायव्हर तळकोकणातला, नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याच्यासाठी खोलीमालकही उभा राहिला नाही. मी ओळखीच्या वकिलाला गळ घातली, तर अट शिथिल करण्याच्या अर्जावर तारखा पडत राहिल्या. बाळ जन्मले तेव्हा बाप कारागृहात होता.

एक दिवस त्याची बायको तान्ह्याला घेऊन ठाण्यात आली. भांडली नाही, नुसते विचारले, "साहेब, ते खोटं बोलत होते तेव्हा मालक सोडवणार होता. तुम्ही खरं बोलायला लावलंत. आता त्यांना कोण सोडवणार?"

मला संताप आला, पण काढणार कुणावर? आदेशात एका अक्षराचीही खोट नव्हती.

हल्ली व्याख्यानाला गेलो की तरुण मुले विचारतात, कायदा सगळ्यांना सारखा असतो का? मी सांगतो, असतो, मी स्वतः वाचलाय. कायद्यापुढे ते दोघे सारखेच उभे होते. एकाच्या मागे जामीनदारांची रांग होती आणि दुसऱ्याच्या मागे एक ओली बाळंतीण.