मेंढरांनी चाटलेली माती

तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत परिसर अभ्यास शिकवला. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडं सजीव घटक, उजवीकडं निर्जीव. झाडं, जनावरं, किडामुंगी, माणूस डावीकडं. हवा, पाणी, ऊन, माती उजवीकडं. हे सगळं एकमेकांवर अवलंबून असतं, त्यालाच नैसर्गिक पर्यावरण म्हणायचं, की झाली व्याख्या. पोरं घडाघडा म्हणायची आणि मी खूश. त्यातलं मला स्वतःला किती कळलं होतं, ते मात्र जतकडच्या एका मेंढपाळ बाईमुळं उघड झालं.

माझं माहेर खंडाळा तालुक्यातलं. आमच्या लहानपणी तिकडं पाण्याचे हाल होते. भांडी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, अंघोळीचं शेवग्याला. असल्या घरातून मी लग्न होऊन सांगलीकडं कृष्णाकाठी आले. आमचे मालक फौजेत, त्यामुळं रान दाखवायला सासूबाईच घेऊन गेल्या. उसाच्या खालच्या अंगाला एक खोल चर होता आणि त्यातून पाणी आपलं निवांत ओढ्याकडं चाललं होतं. एवढं पाणी वाया! मी बोलून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, ते जायाचंच पाणी हाय, जाऊ दे. मला वाटलं, या माणसांना पाण्याची किंमतच नाही.

सासूबाई वारल्या, त्या उन्हाळ्यात मी तो चर बुजवून टाकला. ट्रॅक्टरवाल्याला सांगून माती लोटून घेतली आणि जागा सपाट केली. पाणी रानातच राहिलं, वर उसाच्या दोन सऱ्या वाढल्या. शाळेच्या भिंतीवर पाणी अडवायची घोषणा मीच रंगवली होती, ती घरीपण अमलात आणली म्हणून केवढी शेखी मिरवली मी मनातल्या मनात! मालक सुट्टीवर आले तेव्हा सपाट जागेकडं बघून म्हणाले, आईनं जाता जाता चर बुजवला व्हय? मी नुसतं हं म्हणाले. का म्हणाले, ते आजही धड सांगता येत नाही. नव्या सुनेनं सासूच्या रानात हात घातला असं वाटायला नको, एवढंच असावं. खोटं एवढंसंच होतं.

मालक पेन्शनवर घरी आले आणि रान बिघडायला लागलं. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. उन्हाळ्यात मातीवर पांढरं मीठ फुटायचं, चालताना पायाखाली कुरकुरायचं. मालकांनी शेणखत टाकलं, बेणं बदललं, कुणी सांगेल ते केलं. मिलिटरीचा गडी, हार मानणारा नव्हे. शेजारी म्हणाले, चर परत उकरून बघा. पण आईनं बुजवलाय म्हटल्यावर ते त्याला हात लावू देईनात. तिनं उगाच न्हाई केलं, म्हणायचे. मी तिथंच बसलेली असायची, शेंगा फोडत.

सात वर्षं गेली. शेवटी एक दिवस ते म्हणाले, जास्त खत घालून मीच रान मारलं, आता वरची माती वीटभट्टीला देऊन टाकतो. भट्टीवाला सोमवारी यायचा होता. ती माती एकदा गेली की रान गेलंच, हे त्यांनाही माहीत होतं. त्या आठवड्यात त्यांना जेवण जाईना. त्याच दिवसांत जतकडच्या मेंढरांचा कळप गावात आला होता. आमच्याकडं ऊस तुटला की खतासाठी रानात मेंढरं बसवतात. मालक म्हणाले, शेवटचं बसवू, आईच्या रानाला तेवढं तरी मिळू दे.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन रानात गेले. मेंढरं माना खाली घालून होती, पण चरत नव्हती. माती चाटत होती. कळपाची मालकीण, माझ्याहून वयानं मोठी बाई, कमरेवर हात ठेवून बघत होती. तिनं चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग रानाच्या उताराकडं चालत गेली ती थेट माझ्या दोन सऱ्यांवर जाऊन उभी राहिली.

"बाई, हितं चर हुता का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती म्हणाली, पाणी खाली साठतंय, उन्हानं वर येतंय, येताना मीठ घेऊन येतंय. वाट दिली की मीठ बी धुऊन जाईल. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मुलखातली बाई, तिला जे दिसलं ते मला फळ्यावर रेघा मारून दिसलं नव्हतं. हातातला चहा तसाच निवला.

घरी आले. मालक दाढी करत होते. मी उंबऱ्यातच उभी राहून सांगितलं, "चर आईंनी नव्हता बुजवला. मी बुजवला."

त्यांचा वस्तरा थांबला. तो त्यांनी धुऊन खाली ठेवला. मग म्हणाले, "आन् मी सात वर्सं आईचं काम म्हणून जपलं."

मला रडू आवरेना. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी भट्टीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, कुदळ-खोरं घेतलं आणि निघून गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, नुसते खणत होते. पाचव्या दिवशी बांधावरनं हाक आली, "मास्तरीणबाई, चहा आणा की." आयुष्यात इतक्या हौसेनं चहा मी कधी केला नसेल.

लगेच काही झालं नाही. पुढं दोन पावसाळे रान धुऊन निघालं, खतासाठी ताग पेरून हिरवाच गाडला, दर साली त्याच बाईची मेंढरं बसवली. तिचे उपकार मी कशानं फेडणार? नवं लुगडं दिलं तर हसली, म्हणाली, आवं बाई, मेंढरांचं काम हाय, मी काय केलं?

गेल्या हिवाळ्यात ती तिसऱ्यांदा आली. सकाळी आम्ही तिघं बांधावर उभे होतो. मेंढरं उठली, त्यांनी माती हुंगली आणि माना वर करून बांधाच्या गवताकडं निघाली. एकानंही जीभ लावली नाही.

"बगा, चाटत न्हाईत," ती म्हणाली.

मालकांनी टोपी काढून डोळे पुसले. चरातलं पाणी ओढ्याकडं चाललं होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आईला सांगायला पायजे हुतं."

"रोज सांगते," मी म्हणाले. "हितं आले की आधी माफी मागते, मग सांगते, तुमचं पाणी चाललंय बगा."