आजोबांची वाइन आणि कोपऱ्यातली कुंडी

आमचे हे आठ दिवस इटलीत टस्कनीला वाइनच्या टूरवर काय जाऊन आले, साधं पाणीसुद्धा ग्लास फिरवून, वास घेऊन प्यायला लागले. मी बरोबर होते म्हणून सांगते, त्या आठातले तीन दिवस यांचं पोट बिघडलेलं होतं. पण ओहायोतल्या आमच्या डब्लिनला परतल्यावर इथल्या सगळ्या मराठी मंडळींत यांची कीर्ती पसरली. कुणाकडे बाटली उघडली की "काकांना विचारा" सुरू व्हायचं, आणि काका डोळे मिटून म्हणायचे, "चेरी आहे. थोडं चामडंही आहे." ज्यात चामडं आहे ते माणसं पैसे देऊन का पितात, हे मला अजून कळलेलं नाही. मी त्या सबंध टूरमध्ये संत्र्याच्या रसावर होते.

पुढे लेकीचं लग्न ठरलं आणि मुलगा निघाला इटालियन. म्हणजे जन्म इथलाच, पण आजोबा तरुणपणी तिकडून आलेले, आणि याला लहानाचा मोठा त्यांनीच केलेला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आम्ही देवळाचा हॉल बुक केला आणि आजोबांना कळलं की तिथे दारू चालत नाही. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, वाइन नाही ते लग्नच नाही, मी येणार नाही. मुलगा वरवर "इट्स ओके" म्हणायचा, पण आमच्याकडे आला की नुसतं ताट चिवडत बसायचा.

लेक एकदा स्वयंपाकघरात आली आणि कट्ट्याला टेकून उभी राहिली. "आई, आजोबा नाही आले तर तो त्या दिवशी हसणार पण नाही. तुम्ही दोघं बोला ना त्यांच्याशी, प्लीज."

"माझ्यावर सोड," हे आतून म्हणाले. "वाइनवाल्या माणसाशी वाइनच्याच भाषेत बोलावं लागतं." मग मला म्हणाले, "तू फक्त हसत बस."

मला कुणी हसत बस म्हटलं की माझं डोकंच फिरतं. पण लेकीचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

रविवारी दोन तास ड्राइव्ह करून आम्ही चौघं आजोबांकडे जेवायला पोचलो. ऐंशी पार केलेला माणूस, अंगाने बारीक, कडक इस्त्रीचा शर्ट. भिंतीवर दिवंगत बायकोचा फोटो, कोपऱ्यात लिंबाच्या झाडाची कुंडी आणि टेबलाच्या मधोमध लेबल नसलेली बाटली. दर वर्षी द्राक्षांच्या पेट्या आणून ते तळघरात स्वतः वाइन करतात, हे जावईबापूंनी गाडीतच सांगितलं होतं. आजोबांनी न विचारता सगळ्यांचे ग्लास भरले. माझाही भरला. मी तोंड उघडणार तोच लेकीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

एक घोट घेतला. दोन दिवस ओट्यावर विसरलेलं ताक. मला वाटलं, वाइन अशीच लागत असेल, लोक उगाच का चामड्याच्या गोष्टी करतात. यांनी मात्र ग्लास फिरवला, नाक आत खुपसलं, भुवया वर नेल्या आणि म्हणाले, "ब्यूटिफुल. चेरी. जुनं लाकूड."

आता माझी अडचण ऐका. आमच्या आईने आम्हा भावंडांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली होती, पानात वाढलेलं टाकायचं नाही. कारलं असो, करपलेली पोळी असो, पान लख्ख करूनच उठायचं. तेव्हा मी ग्लास संपवला. आजोबांनी लगेच भरला. तो संपवला, त्यांनी परत भरला. त्यांच्याकडे ग्लासात थोडी ठेवली म्हणजे पुरे आणि रिकामा केला म्हणजे आणखी हवी, हे मला मेलीला कोण सांगणार? तिसरा संपेपर्यंत माझे कान तापले होते आणि फोटोतली बाई माझ्याकडे बघून हसते आहे असं वाटायला लागलं होतं. आजोबांनी चौथा भरला.

तिकडे यांचं व्याख्यान रंगात आलं होतं. टस्कनीची माती, टस्कनीचं ऊन, वाइन ही मुळात एक भावना आहे, ती लग्नात ग्लासातच असली पाहिजे असं नाही. आजोबांचा चेहरा आवळत चालला होता. लेक पांढरी पडली. शेवटी आजोबा यांना मध्येच तोडून माझ्याकडे वळले.

"तुला आवडली?"

"नाही," मी म्हटलं. "आंबट आहे."

लेकीने डोळे मिटून घेतले. हे खोकले.

"मग तीन ग्लास का प्यायलीस?"

"तुम्ही वाढलीत म्हणून. आमच्यात वाढलेलं टाकत नाहीत."

आजोबांनी काटा खाली ठेवला. "वाइन ती करायची," ते फोटोकडे बघत म्हणाले. "मी फक्त पेट्या उचलायचो. ती गेल्यापासून अंदाजाने करतो. सगळे म्हणतात, ब्यूटिफुल. आणि कुंडीत ओततात. तिथे खरं लिंबाचं झाड होतं, ते गेल्या वर्षी मेलं. आता प्लास्टिकचं आणून ठेवलंय." मग मला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने आत्ता दोनदा घातली."

कुंडी यांच्या खुर्चीला लागूनच होती. हे एकदम सॅलड खायला लागले.

"आणि आता लग्नातच वाइन नको म्हणालात," आजोबा म्हणाले. "मला कळलं की. माझी प्यायला लागू नये म्हणून."

हा माणूस आठवडेच्या आठवडे हे मनात धरून एकटा बसला होता आणि आम्ही त्याला हट्टी म्हातारा म्हणत होतो. "नाही हो आजोबा," मी म्हटलं. "ते देऊळ आहे. तिथे कुणाचीच चालत नाही. जगातली सगळ्यात भारी आणलीत तरी नाही."

"कुणाचीच?"

"कुणाचीच."

त्यांनी नातवाकडे बघितलं. नातू रडत रडत होकाराची मान हलवत होता.

"मग येतो," आजोबा म्हणाले आणि माझा चौथा ग्लास बाजूला सरकवला. "हा टाकलास तरी चालेल."

मी तो जवळ ओढला आणि संपवला. परतीचे दोन तास मी गाडीत घोरत होते म्हणे.

लग्नाला आजोबा सूट घालून आले. लेकीच्या हट्टापायी केळीच्या पानासारखी दिसणारी कागदी पानं मांडून पंगत बसवली होती. त्यांनी पान लख्ख केलं, चटणी खाल्ली, लिंबाची फोडसुद्धा सालासकट खाल्ली. रिकामं पान बघून माझ्याने राहवेना. मी दोन जिलब्या वाढल्या. त्यांनी संपवल्या. आणखी दोन वाढल्या, त्याही गेल्या. पाचवी वाढली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"आवडली ना?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "फार गोड आहे."

हॉलच्या दाराशी एका कुंडीत प्लास्टिकचं झाड होतं. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पाचवी जिलबी उचलून तोंडात टाकली.