सीताफळाच्या बासुंदीतला माझा वाटा

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी एसटी फाट्यावर उभी होती आणि कंडक्टर घंटीवर घंटी मारत होता. माय माळावरून धावत आली, पदराखाली पातेली धरून. दादा लातूरला कारकून म्हणून रुजू होणार होता. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, नव्या कचेऱ्यांना माणसं लागत होती. मी सतरा वर्षांची, त्याच्या भाकरी थापायला सोबत निघालेली.

पातेलीत सीताफळाची बासुंदी होती. आमची देवणी गाय आटत आली होती. त्या सकाळी निघालं ते तिचं शेवटचं दूध. पावसानं दगा दिलेलं साल. माळावर हिरवं म्हणावं असं सीताफळाचं झाडच उरलं होतं, कारण त्याला कुणी पाणी घालत नाही आणि ते मागतही नाही.

"पोरा, परक्या गावाला चाललास, एवढं खाऊन जा," माय म्हणाली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "तुला काय, भाऊ हाय की संगं."

दादानं पातेली तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. मग तांब्यातलं प्यायचं पाणी तिच्यात ओतलं, बोटानं चौफेर विसळलं आणि तेही पिऊन टाकलं. मला चाटायलासुद्धा काही ठेवलं नाही.

गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना ही गोष्ट पाठ आहे. लग्नात, बारशात, मयतीतसुद्धा मी ती काढली आहे. तुम्ही हसायचात. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना मात्र हसू येत नाही. त्यांच्याही पोटात अशी एखादी पातेली असते.

त्या वेळचं लातूर म्हणजे कचेऱ्यांच्या पाट्यांचा ओला रंग आणि डाळमिलींची धूळ. दोन वर्षं मी दादाच्या खोलीत स्वयंपाक केला. एके दिवशी तो भाजी अळणी आहे म्हणाला. मी तिथंच परात ठेवली, टोपली उचलली आणि स्टँडवर सीताफळं विकायला बसले. गिऱ्हाईक फळ दाबून बघायला लागलं की मी म्हणायची, "दाबू नका, त्याचे डोळे बघा. डोळे उघडलेत म्हणजे उद्या पिकतंय." कुणी फार घासाघीस केली तर फळ परत टोपलीत. लातुरात माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस मला आठवत नाही. टोपलीचा गाडा झाला, गाड्याचं फळांचं नि दुधाचं दुकान झालं. लग्न, लेकरं सगळं इथंच झालं. आता दुकानासमोर क्लासेस आहेत, आणि पाठीला सॅक लावलेली पोरं विचारतात, "मावशी, प्रोटीन शेक आहे का? लो-फॅट?" पूर्वी दूध पातळ केलं की गिऱ्हाईक भांडायचं.

या सगळ्या वर्षांत मी सीताफळं विकली, बासुंदी मात्र केली नाही. खाल्लीही नाही.

यंदा दादाच्या पोटाचं ऑपरेशन झालं. महिनाभरानं वहिनीचा फोन आला. "ताई, हे दोन घास खाऊन ताट सारतात. अंगावर मांस राहिलं नाही. मायच्या हातची बासुंदी पाहिजे म्हणतात." माय जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी म्हटलं, "तेव्हा पोट भरलं नाही का त्याचं?" आणि फोन ठेवला. ठेवला खरा, पण दुसऱ्या दिवशी दादाच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले.

"साय, तूप बंद. साखर नाही. प्रोटीन वाढवा," ते म्हणाले.

"अर्धी वाटी साय?"

"नाही."

"पाव?"

"मावशी, हा बाजार नाही."

"सीताफळ तरी?"

"एक."

"दोन."

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "लहान असतील तर दोन."

दोन फळं पदरात पडली.

गाईचं दूध तापवून, निववून साय काढली, दोनदा. दाटपणा कशानं आणायचा? डाळमिलींच्या लातुरात राहून हा प्रश्न पडू नये. फुटाण्याचं डाळं पुन्हा जरा शेकलं, दळलं, वस्त्रगाळ केलं, गार दुधात कालवून उकळत्या दुधात सोडलं. सीताफळाचा गर चाळणीवर हातानं घासून काढला; मिक्सरमध्ये बी फुटतं. हे करता करता फाटा आठवला, तांब्याचं पाणी आठवलं, आणि संतापाच्या भरात मी गर सरळ उकळत्या दुधात ओतला.

माय शंभरदा सांगायची, "दूध निवल्याबिगर गर घालू न्हाई." चाखलं तर कडू झालेलं. फेकवेना, दुष्काळातल्या माणसाच्या हातून दूध सांडत नाही. ती पातेली झाकून फ्रिजमध्ये ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला दूध पार गार होऊ दिलं, घरी बांधलेला चक्का घोटून घातला, सगळ्यात शेवटी गर.

दादा उशीला टेकून बसला होता. मनगटं काडीसारखी. वाटी हातात दिली तर चमचा बुडवण्याआधी म्हणाला, "निवल्यावर घातलास ना गर?"

मी जागच्या जागी थांबले. या माणसानं जन्मात चूल पेटवली नाही. चहा उतू गेला तर हाका मारणारा.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी कशाला सांगायला पायजे?" त्यानं वाटीकडं बघितलं. "त्या दिवशी मायची घाई झाली होती. बस उभी होती. लई कडू होती गं. शेवटचं दूध. तिला कळलं असतं तर जन्मभर स्वतःला बोल लावत राहिली असती."

"म्हणून पातेली विसळलीस?"

"तू चाटली असतीस तर फाट्यावरच ओरडली असतीस, 'माय, कडू हाय!' तुझं तोंड मला ठाऊक न्हाई?"

आयुष्यभर भाव केला आहे मी. माणूस मालाबद्दल खरं बोलतोय का खोटं, ते मला कळतं. तो खरं बोलत होता. आणि मला आणखीच राग आला.

"तरी एक बोट ठेवायचं होतंस."

"अगं, कडू—"

"कडू तर कडू. माझ्या मायच्या हातचं होतं ना ते?"

त्यानं वाटीत चमचा बुडवला. खात राहिला. तळाशी दोन चमचे उरले तेव्हा वाटी माझ्याकडं सरकवली. "घे. तुझा वाटा."

"दोन चमच्यांत मिटवतोस? संपव आधी. उद्या परत आणते."

त्यानं संपवली. वहिनी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती.

गावात आता आमचं घर उभं नाही. माळावरची झाडं तेवढी आहेत. घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी लातूर सांगते. पण वाटा मागायला अजून भांडावंसं वाटतं ते एकाच माणसाशी, आणि तो आज जेवला होता.

दुपारी परत आले. फ्रिजमधून ती कडू पातेली काढली, खाली बसले आणि चमच्याचमच्यानं सगळी खाल्ली. मग तिच्यात पाणी ओतलं, बोटानं विसळलं आणि पिऊन टाकलं.